मेलरूममध्ये इन्सर्टिंग मशीनवर ऑपरेटरची नोकरी : स्वीकारावी की नाही?

घाटकोपर_पश्चिम (धागाकर्ता)

नमस्कार. मी आयटीआयमधून फिटर ट्रेड पूर्ण केला असून गेली दोन वर्षे एका लहान वर्कशॉपमध्ये काम करत आहे. मागच्या आठवड्यात मरोळ एमआयडीसीमधील एका कंपनीत माझी मुलाखत झाली. बँका, विमा कंपन्या आणि शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या यांची पत्रे व विवरणपत्रे छापणे, ती पाकिटात भरणे आणि टपालात टाकणे हा या कंपनीचा व्यवसाय आहे. मला मेलरूमच्या उत्पादन विभागात इन्सर्टिंग मशीनवर (कागदाची घडी घालून तो पाकिटात भरणाऱ्या मशीनवर) ऑपरेटर म्हणून घेण्याची त्यांची तयारी आहे. पहिले सहा महिने प्रशिक्षणार्थी म्हणून हातात साडेसोळा हजार रुपये मिळतील आणि पाळी दर आठवड्याला बदलेल.

घरात दोन मते आहेत. पाकिटे भरायला फिटर कशाला हवा, असे आईला वाटते. सगळा पत्रव्यवहार ई-मेलवर गेला असताना मी बुडत्या धंद्यात शिरतो आहे, असे मामांचे म्हणणे आहे. मला मुलाखतीच्या दिवशी मशीन जेमतेम दहा मिनिटे पाहायला मिळाले, त्यामुळे माझे स्वतःचे मत बनलेले नाही. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

शेवटची_लोकल

आधी एक विचारून घ्या. नेमणूक कंपनीच्या पगारपत्रकावर आहे की कंत्राटदाराच्या? नेमणूकपत्रावर कोणाचा शिक्का आहे, यावरच भविष्यनिर्वाह निधी, रजा आणि दिवाळीचा बोनस अवलंबून असतो. जादा कामाचा मोबदला दुप्पट दराने देणे कायद्याने बंधनकारक आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात ती तरतूद होती आणि नव्या कामगार संहितेतही ती कायम आहे. तरीही ‘आमच्याकडे ओव्हरटाइम सिंगल असतो’ असे निर्धास्तपणे सांगणारे लोक भेटतात.

जुना_ऑपरेटर

आपल्या आईंचा प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचेच उत्तर आधी देतो. मी २००४ साली या व्यवसायात हेल्पर म्हणून लागलो, तेव्हा साकीनाक्याच्या एका गाळ्यात लांब टेबलांभोवती तीस-पस्तीस स्त्रिया बसून हाताने घड्या घालत आणि पाकिटे भरत. त्यांच्या हाताला इतका सराव होता की कागद एकाऐवजी दोन उचलले गेले, तर बोटांना लगेच कळायचे. मशीनला बोटे नाहीत. त्या स्त्रियांच्या बोटांना जे कळत होते ते मशीनला कळावे, अशी त्याची जुळवणी करणे आणि पाळीभर ती टिकवणे हे ऑपरेटरचे काम असते. कागद भरणे आणि बटण दाबणे हेल्परलाही जमते.

सगळी मेख फीडरमध्ये, म्हणजे मशीनमध्ये कागद सोडणाऱ्या भागात, आहे. गठ्ठ्यातून कागद एकेक करून सुटावेत, म्हणून रोलर आणि विलगक यांच्यामध्ये कागदाच्या जाडीनुसार फट ठेवावी लागते. ती सैल राहिली तर दोन कागद एकत्र जातात, घट्ट झाली तर एकही जात नाही. ७० जीएसएमसाठी (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) लावलेली फट ९० जीएसएमला चालत नाही, एवढे कोणीही सांगेल. मात्र एकाच जाडीचा कागद सकाळी एक वागतो आणि मध्यरात्री दुसरे, हे मशीनवर उभे राहिल्याशिवाय कळत नाही. लेझर प्रिंटरमधून आलेला कागद तापून कोरडा पडलेला असतो, त्याच्या कडा वळलेल्या असतात आणि स्थिर विजेमुळे कागद एकमेकांना चिकटतात. म्हणून तो थोडा निवू द्यायचा, पंख्यासारखा फुलवून त्यात हवा खेळवायची आणि चारही कडा ठोकून सरळ केल्यावरच फीडरवर ठेवायचा. नवीन मुले हे पहिल्या तासात मनापासून करतात. घाई होऊ लागली की सर्वांत आधी हेच सुटते आणि मग पुढची अडचण सुरू होते.

पावसाळा हा मुंबईतला वेगळाच अध्याय आहे. कागद हवेतली ओल शोषतो आणि त्याच्या कडांना लाटा येतात. पाकिटांचे तर विचारूच नका, कारण फ्लॅपवरचा, म्हणजे पाकिटाच्या दुमडत्या तोंडावरचा, गोंद दमट हवेने आपणहून ओलावतो आणि पेटीतली पाकिटे न भरताच मिटून जातात. त्यामुळे लागेल तेवढीच पेटी फोडणे आणि वातानुकूलन रात्रीही चालू ठेवणे एवढे दोन नियम पाळावे लागतात. मी एका ठिकाणी होतो तिथे विजेचे बिल वाचवण्यासाठी रात्रपाळी नसेल तेव्हा एसी बंद करत असत. सकाळच्या पाळीचे पहिले दोन तास चिकटलेले फ्लॅप सोडवण्यात जात आणि उत्पादन कमी पडल्याचा जाब मात्र ऑपरेटरला विचारला जाई. तेच लोक २६ जुलै २००५ नंतर कागदाचे पॅलेट जमिनीपासून दीड फूट उंच ठेवू लागले. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता आणि आमच्या गोदामातल्या खालच्या थरांचा लगदा झाला होता.

आता घडी. ए-४ कागद २९७ मिलिमीटर लांब असतो, त्याचे तीन समान भाग केले की प्रत्येक भाग ९९ मिलिमीटरचा होतो. तो ज्या डीएल पाकिटात जातो त्याची उंची ११० मिलिमीटर असते, म्हणजे कागदाला आत हलायला अवघे ११ मिलिमीटर मिळतात. घडी चार-पाच मिलिमीटर जरी सरकली, तरी पत्त्याची वरची ओळ खिडकीच्या आड जाते, किंवा खालचा खाते क्रमांक खिडकीतून डोकावू लागतो. पहिली गोष्ट घडली तर पोस्टमनची पंचाईत होते, दुसरी घडली तर बँकेचे पत्र येते. म्हणून प्रत्येक जॉब, म्हणजे ग्राहकाचे एकेक काम, सुरू करताना पहिली दहा-बारा पाकिटे हातात घेऊन टेबलावर चारही कडांनी ठोकायची आणि कागद कोणत्याही बाजूला सरकला तरी खिडकीत फक्त पत्ताच दिसतो ना, हे पाहायचे. एवढे करायला दोन मिनिटे लागतात. यात जो कंटाळा करतो त्याच्या शेजारच्या मशीनवर मी उभा राहत नाही.

वेगाबद्दल एक सांगून ठेवतो. मशीनवर ताशी १०,००० पाकिटे असे लिहिलेले असले, तर आठ तासांचे ८०,००० व्हायला हवेत असा हिशेब ऑफिसात बसून केला जातो. तशा मशीनवर जॉब बदलणे, सेटिंग, जॅम काढणे, गोंद ओला करण्याचे पाणी आणि पाकिटे भरणे हे सगळे धरून एका पाळीत ४५,००० निघाले की मी तो दिवस चांगला समजत असे. होकार देण्यापूर्वी लक्ष्य किती आहे ते विचारा. उत्तर ऐकून त्या कंपनीचा स्वभाव कळेल.

सुमेधा_गोरेगाव

मी अशाच एका विभागात जुळवणीचे, म्हणजे मोजणी पडताळण्याचे काम सात वर्षे केले. वरच्या दादांनी मशीनबद्दल लिहिले आहे, त्यामुळे मी मोजणीबद्दल लिहिते. या व्यवसायात एका पाकिटात एकाच माणसाचा कागद गेला पाहिजे, बाकी सारे त्यानंतर येते. शंभर पाकिटे फाटली तर पुन्हा छापता येतात, परंतु एका माणसाचे विवरणपत्र दुसऱ्याच्या घरी गेले तर ते परत आणता येत नाही. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाल्यापासून ग्राहक कंपन्या याबाबत अधिकच काटेकोर झाल्या आहेत.

एक प्रसंग सांगते. जुलैतली रात्रपाळी होती आणि जॉब १२,६४० पत्रांचा होता. पहाटे अडीचला मशीनच्या शेवटच्या टोकाचा आकडा १२,६४० दिसला, यादीतला आकडाही तोच होता, म्हणून ऑपरेटरने सही केली आणि मीही केली. सकाळी सफाईच्या मावशी मशीनच्या घडी घालणाऱ्या भागाखालून झाडू फिरवत असताना त्यांना घडी घातलेला एक कागद सापडला. त्यांनी तो कचऱ्यात न टाकता माझ्या टेबलावर आणून ठेवला. ते त्याच जॉबमधले एक विवरणपत्र होते.

प्रश्न असा होता की एक कागद बाहेर राहिला असेल, तर आकडा पूर्ण कसा भरला? बराच वेळ डोके खाजवल्यावर उलगडा झाला. जॅम काढताना तो कागद खाली पडला होता, म्हणजे एक पाकीट कमी व्हायला हवे होते. त्याच रात्री दमट हवेने दोन पाकिटे एकमेकांना चिकटून गेली होती. कागद त्यातल्या एकात शिरला, पुढे बंद करणाऱ्या रोलरपाशी दोन्ही वेगळी झाली आणि मोजणाऱ्या डोळ्याने ती दोन धरली. एक चूक आकडा घटवणारी, दुसरी वाढवणारी, आणि बेरीज मात्र अचूक. टपालाची गाडी यायला तास उरला होता. आम्ही पाच जणांनी सगळे ट्रे ओळीने लावले आणि खिडक्यांवरून बोट फिरवत ते रिकामे पाकीट चाळीस मिनिटांत शोधून काढले. सापडलेला कागद चुरगळलेला होता, म्हणून तो नोंद करून श्रेडरमध्ये घातला आणि त्याची नवी प्रत छापून पाठवली.

त्यानंतर प्रत्येक जॅमची वेळ, त्या वेळचा आकडा आणि बाहेर काढलेल्या कागदांचे अनुक्रमांक वहीत लिहायचे, असा नियम झाला. आपण रुजू झालात तर ही वही आपण स्वतःच भरा, हेल्परकडे देऊ नका. मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागेल, सगळीकडे कॅमेरे असतील आणि कागदाचा कपटाही बाहेर नेता येणार नाही, याचीही तयारी ठेवा. पहिले काही दिवस आपल्यावर संशय घेतला जातो आहे असे वाटते, मग सवय होते.

मुलुंडकर

ताई, प्रसंग उत्तम सांगितलात. पण एक शंका आहे. हल्ली मशीनवर कॅमेरा असतो आणि प्रत्येक कागदावर कोड छापलेला असतो. मग मशीनलाच हे कळायला नको का?

मशीन_दुरुस्ती

मी सर्व्हिस इंजिनिअर आहे, त्यामुळे या शंकेचे उत्तर देतो. कागदाच्या कडेला ज्या आडव्या काळ्या रेघा दिसतात, त्या जुन्या पद्धतीच्या ओएमआर खुणा होत. त्यातली एक खूण ‘या ग्राहकाचे कागद संपले, आता घडी घाला’ असे सांगते आणि बहुधा तीन खुणा अनुक्रम सांगतात. तीन खुणांच्या असण्या-नसण्यातून आठच आकडे तयार होतात, म्हणून अनुक्रम दर आठ कागदांनी पुन्हा पहिल्यावर येतो. मधला एक कागद गहाळ झाला तर मशीन जागच्या जागी थांबते. एखाद्याने गठ्ठा उचलताना नेमके आठ कागद बाजूला ठेवले, तर मात्र मशीनला सर्व काही सुरळीत दिसते. चौकोनी ठिपक्यांच्या नव्या कोडमध्ये प्रत्येक कागदाचा पूर्ण क्रमांक असतो, त्यामुळे ही पळवाट बंद होते, परंतु मुंबईत दोन्ही प्रकारची मशीने शेजारी-शेजारी चालताना मी रोज पाहतो. आपल्याला कोणत्या मशीनवर उभे करणार आहेत ते विचारून घ्या.

सुमेधाताईंच्या प्रसंगात कोडचा उपयोग झाला नाही, कारण रिकाम्या पाकिटावर कोडच नव्हता. बाहेर पडणाऱ्या पाकिटाच्या खिडकीतून वाचन करणारा दुसरा कॅमेरा असता, तर ते पाकीट आपोआप रिजेक्ट ट्रेमध्ये गेले असते. हा कॅमेरा वेगळ्या किमतीत येतो, आणि अनेक ठिकाणी तो घेतलेला नसतो.

सुरक्षेबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. मशीनचे झाकण उघडताच ते थांबावे यासाठी प्रत्येक झाकणाला स्विच असतो. जॅम लवकर काढता यावा म्हणून या स्विचवर चिकटपट्टी लावून ठेवलेली मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिली आहे. एका मुलाचे बोट घडीच्या रोलरमध्ये गेलेलेही पाहिले आहे. मशीन पूर्ण थांबवल्याशिवाय हात आत घालू नका, गळ्यातले ओळखपत्र शर्टाच्या आत ठेवा, बाह्या वर दुमडा. चिकटपट्टी दिसली तर सुपरवायझरला तोंडी सांगण्यावर थांबू नका, वहीत लिहा.

निवृत्त_टपालवाला

आपल्या हातून निघालेली पाकिटे पुढे आमच्याकडे येत असत, म्हणून दोन शब्द लिहितो. माझी बहुतेक नोकरी सॉर्टिंगमध्ये झाली. पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले कोकणातले, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी होते. सहा आकड्यांपैकी पहिले तीन वर्गवारीचा जिल्हा दाखवतात आणि शेवटचे तीन बटवड्याचे कार्यालय. ४०० म्हणजे फक्त मुंबई असे आपल्याकडे अनेक जण धरून चालतात, परंतु ठाण्याचे ४००६०१ आणि वाशीचे ४००७०३ हेही त्यातच येतात.

ऑपरेटरचा याच्याशी संबंध असा की मोठे जॉब पिनकोडच्या क्रमानेच छापलेले असतात, म्हणून मशीनमधून पाकिटे आपोआप क्रमाने बाहेर पडतात आणि फक्त पिन बदलला तिथे बंडल बांधायचे असते. जॅममध्ये खराब झालेली पत्रे पुन्हा छापून आली की काही जण ती शेवटच्या ट्रेमध्ये सरकवून देतात. मग नागपूरच्या बंडलात दहिसर निघते आणि ते पत्र विदर्भ फिरून येते. पुन्हा छापलेल्या पत्रांचे बंडल वेगळे बांधून त्यावर तसे लिहावे, एवढीच विनंती.

दुसरी गोष्ट वजनाची. साध्या पत्राला पहिल्या २० ग्रॅमपर्यंत पाच रुपये आणि पुढच्या प्रत्येक २० ग्रॅमला आणखी पाच रुपये लागतात. ८० जीएसएमचा एक ए-४ कागद बरोबर ५ ग्रॅम भरतो. तीन कागदांचे १५ ग्रॅम झाले आणि पाकीट ५ ग्रॅमच्या आसपास असले, की आपण काठावर उभे असतो. त्यात जाहिरातीचे एक चिठोरे चुकून दोनदा पडले किंवा पावसाळ्यात कागद ओल धरून जड झाला, तर पाकीट पुढच्या टप्प्यात जाते. ४०,००० पत्रांच्या जॉबमध्ये हा फरक दोन लाख रुपयांचा असतो. जॉब सुरू करण्यापूर्वी एक भरलेले पाकीट काट्यावर ठेवण्याची सवय लावून घ्या.

फोर्टमधला_कारकून

मामांच्या शंकेबद्दल लिहितो. मी कंपन्यांच्या भागधारकांचा पत्रव्यवहार पाहणाऱ्या कार्यालयात आहे. मामा अर्धे बरोबर आहेत. वार्षिक अहवाल ई-मेलने पाठवण्याची मुभा २०११ मध्येच मिळाली आणि डिमॅट व म्युच्युअल फंडांची एकत्रित विवरणपत्रेही २०२४ पासून मुख्यतः ई-मेलनेच जातात. जाडजूड अहवालांचे ट्रक भरून जाण्याचे दिवस संपले आहेत. तरीही ज्या भागधारकांचा ई-मेल नोंदलेला नाही, त्यांना अहवालाचा दुवा कळवणारे पत्र कागदावरच पाठवावे लागते. ते एका पानाचे असते आणि हजारोंच्या संख्येने निघते. चेकबुके, कार्डे, नोटिसा यांना तर अजून कागदाशिवाय गती नाही. काम कमी झाले आहे, आणि जे उरले आहे त्यात चुकीला वाव कमी आहे, असे मी म्हणेन.

एक व्यावहारिक इशारा देतो. वार्षिक सभेची सूचना पूर्ण एकवीस दिवस आधी द्यावी लागते, टपालाने पाठवलेली सूचना टाकल्यापासून ४८ तासांनी पोचली असे कायदा धरतो आणि बहुतेक सभा ३० सप्टेंबरपर्यंत उरकायच्या असतात. म्हणून ऑगस्ट आणि सप्टेंबरचा पहिला आठवडा मेलरूममध्ये श्वास घ्यायला फुरसत नसते. नेमके तेव्हाच बहुधा गणपती येतात. आपल्या घरी दीड दिवसाचा गणपती असेल, तर रजेचा अर्ज जूनमध्येच देऊन ठेवा.

घाटकोपर_पश्चिम (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. मी नोकरी स्वीकारली असून आज पाच आठवडे झाले. नेमणूक कंपनीच्याच पगारपत्रकावर आहे. दिवसाचे लक्ष्य विचारले तेव्हा सुपरवायझरांनी ‘आधी शून्य चुका, मग आकडा’ असे उत्तर दिले, ते मला बरे वाटले. आमचे मशीन जुन्या रेघांचेच आहे, त्यामुळे गठ्ठा उचलताना मी खालचा आणि वरचा क्रमांक मोठ्याने वाचतो. हेल्पर हसतात.

काल पहिला जॉब एकट्याने पूर्ण केला. एकूण ६,२१० पत्रे होती, त्यातली ६,२०४ सरळ निघाली, सहा रिजेक्ट झाली, ती पुन्हा छापून वेगळ्या बंडलात दिली. घरी गेल्यावर आईला चारही कडा ठोकण्याची पद्धत लाइट बिलाच्या पाकिटावर करून दाखवली.

एका अडचणीवर मार्ग हवा आहे. कालपासून दर दोनशे-अडीचशे पाकिटांनंतर एकाचा फ्लॅप उघडताना डावा कोपरा दुमडतो आणि मशीन थांबते. मी फ्लॅप उघडणारी पट्टी दोनदा जुळवली, सक्शन कप पुसले, वेग कमी केला. फरक पडला नाही.

जुना_ऑपरेटर

मशीनला हात लावू नका, जी जुळवणी होती तीच परत ठेवा. दर दोनशे-अडीचशेला येणारा दोष बहुधा पाकिटांच्या पेटीतला असतो. पाकिटे कोणत्या दिवशीच्या लॉटमधली आहेत ते पेटीच्या चिठ्ठीवर पाहा आणि शंभर पाकिटे हातात घेऊन डाव्या कोपऱ्याने दिव्यासमोर धरा. गोंदाची रेघ कडेपर्यंत आलेली काही पाकिटे सापडतील.

घाटकोपर_पश्चिम (धागाकर्ता)

शंभरात एक सापडले. पेटी परत पाठवून मागच्या लॉटमधली मागवली. रात्री दोनपर्यंत मशीन एकदाच थांबले, तेही पाणी संपले म्हणून.